पांढरी चिप्पी: ओहोटीची वेळ काढण्यापासून रोप रुजेपर्यंत

ऑगस्ट २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. आंबा, ताम्हण, शेकरू, हरियाल यांच्या पंगतीला खारफुटीचं एक झाड येऊन बसलं. असा मान देणारं हे देशातलं पहिलं राज्य. पण खाडीकाठच्या वाड्यांमध्ये आजही चिप्पी कुठली असं विचारलं, तर बहुतेक जण काठाकडे हात करून म्हणतात, ‘ती काय, सगळी तिवरंच.’ शाळा, बचतगट, मंडळं दरवर्षी कांदळवन लावायला हौसेने चिखलात उतरतात आणि त्यातली बरीच रोपं पुढचा पावसाळा बघत नाहीत. रोपं वाईट नसतात. जागा चुकलेली असते, आणि जागा चुकते कारण पाणी कोणी मोजलेलं नसतं.

ज्यांच्या जवळ खाडी आहे आणि ज्यांना चिप्पी ओळखायची, जपायची, जमलंच तर वाढवायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी सिंधुदुर्गातल्या एका खाडीच्या तोंडाशी हे काम करतो, म्हणून उदाहरणं तिथली. पद्धत मात्र डहाणूपासून पेडण्यापर्यंत चालेल.

आधी ओहोटीची वेळ काढा

चिप्पी खाडीच्या अगदी पुढच्या, पाण्याकडच्या कडेला उभी असते. तिच्या बुंध्यापर्यंत चालत जायचं तर पाणी पुरतं उतरलेलं हवं. मोबाइलवर भरती-ओहोटीचं कोष्टक मिळतं, ते वापरा. पण कोकणात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हिशेबही शिकून घ्या, कारण तो कॅलेंडरवरून मनातल्या मनात होतो. तिथीची पाऊणपट करा. आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो. खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा चढतं आणि उशिरा उतरतं.

पाहणीसाठी अमावास्येनंतरची किंवा पौर्णिमेनंतरची द्वितीया ते चतुर्थी धरा. त्या दिवसांत उधाण असतं, म्हणजे पाणी खूप चढतं आणि तितकंच खोल उतरतं. ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान मिळते, ऊनही कोवळं असतं. अष्टमी-नवमीला भांग असतो. तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, आणि पुढची कड उघडी पडेलच असं नाही.

ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी उतरा आणि पाणी फिरलं की परत निघा. पायांत जुने, नाडीचे कापडी बूट घाला. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात आणि गमबूट चिखलात रुतून बसतो. हातात काठी, सोबत दुसरं माणूस, शक्यतो त्या खाडीत मासेमारी करणारं. कुठे पाय गुडघ्यापर्यंत जाईल आणि कुठे कमरेपर्यंत, हे त्यांना न बघता कळतं. हुरी नावाचं झाड (काही ठिकाणी गेवा म्हणतात) वाटेत लागलं तर त्याची फांदी मोडू नका. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर भयंकर आग होते.

ओळख मुळांपासून सुरू करा

बहुतेक जण पानाकडे आधी बघतात आणि गोंधळतात. खारफुटीत आधी खाली बघायचं.

कांदळाला खोडापासून कमानीसारखी उतरणारी आधारमुळं असतात, ती लांबूनच ओळखू येतात. तिवराच्या भोवती चिखलातून वर आलेली मुळं पेन्सिलीसारखी असतात, बारीक, सरळ आणि दाट. चिप्पीची मुळंही चिखलातून वर येतात, पण ती बुडाशी जाड आणि टोकाकडे निमुळती, शंकूसारखी असतात. मुठीत धरली तर भरीव लागतात, वर्षागणिक जाड होत जातात. ही श्वसनमुळं. भरतीच्या चिखलात हवा नसते, म्हणून ओहोटीत या मुळांच्या सालीवरच्या बारीक छिद्रांतून झाड हवा आत घेतं आणि खालच्या मुळांना पोचवतं. ही मुळं गाळाखाली, प्लॅस्टिकखाली किंवा तेलाच्या थराखाली गाडली गेली तर वरची फांदीही न तोडता झाड गुदमरतं. पुढे जागा निवडताना हे लक्षात ठेवावं लागेल.

आता पान. चिप्पीचं पान समोरासमोर येतं, जाड, चामड्यासारखं, टोकाला गोलसर. ते उलटून बघा. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच हिरव्या दिसतात. तिवराचं पान उलटलं की खालची बाजू फिकट, पांढुरकी किंवा पिवळट निघते आणि कोरड्या दिवसांत त्यावर मिठाचे कण चमकतात, कारण तिवर पानांतून मीठ बाहेर टाकतं. चिप्पीचा भर बरंचसं मीठ मुळाशीच अडवण्यावर असतो.

फूल बघायचं तर संध्याकाळनंतर जावं लागतं. होडीतून गेलात तर उत्तम. दिवस मावळल्यावर कळी उघडते आणि आतून पांढऱ्या पुंकेसरांचा मोठा झुबका फुलतो, पावडर लावायच्या पफसारखा. पाकळ्या अरुंद, पांढऱ्या, त्या झुबक्यात हरवून जातात. फुलाच्या बुडाशी सहा ते आठ पाळ्यांची हिरवी वाटी असते, तिची आतली बाजू तांबूस. हे फूल एका रात्रीचं. जगभरात ही चिप्पी जिथे जिथे वाढते तिथे वटवाघळं आणि रात्री उडणारे मोठे पतंग तिच्या मधावर येतात. सकाळी पाण्यावर पांढरे केसर तरंगताना दिसले की वरच्या अंगाला चिप्पी आहे हे धरून चाला. मी काही झाडं अशीच शोधली आहेत.

फळ हिरवं, चपटं-गोल, साधारण चार सेंटिमीटर रुंद. खाली चांदणीसारखी पाळ्यांची वाटी कायम चिकटलेली आणि वर काट्यासारखी दांडी. इथेच तिच्या बहिणींपासून फरक कळतो. पांढऱ्या चिप्पीच्या फळाखालच्या पाळ्या मागे, देठाकडे वळलेल्या असतात. खाडीत खूप आत, जिथे पाण्याला जेमतेम खारटपणा असतो, तिथे एक तांबड्या फुलांची चिप्पी भेटते. तिच्या फळाखालच्या पाळ्या बशीसारख्या सपाट पसरलेल्या असतात आणि पुंकेसरांचं बूड लाल असतं. तिसरीचं पान अरुंद, फांद्या खाली झुकलेल्या आणि फुलाला पाकळ्याच नाहीत. मुंबई-ठाण्याकडच्या खाड्यांत ती दिसते. फोटो काढताना फळ खालून आणि बाजूने असे दोन काढा. नुसत्या पानाच्या फोटोवरून तज्ज्ञालाही पक्कं सांगणं अवघड जातं.

जागा: पाण्यालाच मोजू द्या

पांढरी चिप्पी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून भारत, आग्नेय आशिया, उत्तर ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत पसरली आहे. केनिया-झांझिबारकडे तिच्या वाकड्या लाकडापासून शिडाच्या जहाजांच्या फासळ्या बनवत आले आहेत. इतक्या दूरदूरच्या किनाऱ्यांवर तिची एक सवय कायम राहते: समुद्राकडची पहिली रांग. आपल्याकडे दिवसाला दोन भरत्या, महिन्याला साठाच्या आसपास. चिप्पीच्या बुडाशी त्यातली जवळजवळ प्रत्येक भरती येते. तिला वाळूमिश्रित, जरा घट्ट चिखल चालतो, समुद्राचं पूर्ण खारं पाणी चालतं, आणि भरपूर ऊन लागतंच. दाट सावलीत तिचं रोप वाढत नाही.

माझी पहिली चूक इथली आहे. कांदळाच्या लांब शेंगा मिळवायला सोप्या, चिखलात खोचल्या की झालं. आम्ही खाडीच्या तोंडाशी पुढच्या कडेला तीनशे शेंगा खोचल्या. लाटांनी काही उपटल्या, उरलेल्यांवर बार्नेकलची (खडकाला, लाकडाला चिकटून राहणारे कवचाचे बारीक जीव) कडक पांढरी खपली चढली आणि होळीपर्यंत एकही उरली नाही. तिथून तीस पावलांवर चिप्पीची आपोआप उगवलेली रोपं धडधाकट उभी होती. पुढच्या कडेवर कांदळ लावण्याची हीच चूक फिलिपिन्समध्ये मोठ्या प्रमाणावर झाली. पुढची कड तिवर-चिप्पीची असताना तिथे वर्षानुवर्षं कांदळाच्या शेंगा लावल्या गेल्या, आणि दीर्घकाळ जगलेल्या रोपांचं प्रमाण १० ते २० टक्क्यांवर राहिलं.

आमच्या वाडीतले एक म्हातारे पागी (मासेमार) तेव्हा एवढंच म्हणाले, ‘आधी पाणी बघ, झाड मगे.’ मग त्यांनीच दाखवलेली पद्धत आम्ही वापरू लागलो. तिला कुठलंही यंत्र लागत नाही.

वारा पडलेला दिवस निवडा. तुमच्या जागेपासून शक्य तितक्या जवळ, खाडीच्या त्याच काठावर, आपोआप वाढलेल्या आणि निरोगी अशा पाच-सहा तरुण चिप्प्या शोधा. त्यातली सगळ्यात खालची, म्हणजे पाण्याकडची, आणि सगळ्यात वरची ठरवा. भरती चढू लागली की एक माणूस त्या खालच्या झाडाशी आणि दुसरा लावणीच्या जागेवर उभा राहील. पाणी झाडाच्या बुडाला टेकलं की हाक मारायची किंवा फोन करायचा, आणि त्याच क्षणी दुसऱ्याने जिथवर पाणी आलंय त्या रेषेवर खुंट्या ठोकायच्या. मग वरच्या झाडाच्या बुडाला पाणी टेकलं की तसंच पुन्हा. स्थिर पाणी म्हणजे आयती पाणसळ. या दोन खुंट्यांच्या रांगांमधला पट्टा चिप्पीच्या उंचीचा. पट्ट्याच्या खाली लावाल तर रोप बुडून मरेल. फार वर लावाल तर तिथे तिवर किंवा दुसरं झाड तिच्यापेक्षा बरं वाढेल. मोजणी दोन वेगवेगळ्या दिवशी करा. खुंट्या हातभराच्या आत जुळल्या तरच पुढे जा.

पट्टा सापडला, तरी एक प्रश्न उरतो आणि तो टाळू नका. या जागेवर झाडं आपसूक का आलेली नाहीत? शेजारी चिप्पी फळते, दर भरतीला बी येतं, तरी जागा मोकळी आहे, तर त्याला कारण असणार. पूर्वी असलेला बांध पाणी अडवतोय का? रस्त्याखालची मोरी बुजली आहे का? कुणी राडारोडा टाकलाय का? भरतीबरोबर येणारा प्लॅस्टिकचा आणि दोऱ्यांचा कचरा रोपं आडवी करतोय का? कारण सापडलं तर तेच दूर करा, किंवा दूर करून घ्या. पाणी मोकळं झालं की बहुतेक वेळा बी स्वतःच रुजतं, आणि तशी रुजलेली झाडं आपल्या हातच्या रोपांपेक्षा जास्त टिकतात. माझ्या मते दहातल्या आठ ठिकाणी लावणीची गरजच नसते.

आणि उघडा चिखल म्हणजे रिकामी जागा नव्हे. तिथे खुबे-तिसऱ्या काढणाऱ्या बाया येतात, निवट्या धावतात, थंडीत दूरदेशीचे पाणपक्षी चरतात. ठाणे खाडीतले रोहित पक्षी अशाच उघड्या चिखलावर पोट भरतात. पिढ्यान् पिढ्या उघडा राहिलेला चिखल उघडाच राहू द्या.

परवानगी

खाडीकाठचं बरंचसं सरकारी कांदळवन आता वनखात्याकडे आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. फळं गोळा करण्याआधी आणि लावणीआधी स्थानिक वन परिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज द्या, खुंट्यांच्या मोजणीचा कागद जोडा. मोजणी जोडलेला अर्ज वाचणाऱ्यालाही पटतो. खाजगी जागा असेल तरी मालकाच्या संमतीबरोबर खात्याला कळवून ठेवा.

फळ आणि बी

चिप्पीच्या बिया कांदळासारख्या झाडावरच रुजून लोंबत नाहीत, त्या फळात असतात. एका फळात शे-दीडशे लहान, विळ्यासारख्या वाकड्या बिया गरात बसलेल्या असतात. एकाच झाडावर कळी, फूल आणि फळ एकत्र दिसू शकतं, म्हणून आपल्या खाडीत फळं कधी गळतात याची वर्षभर वही ठेवा. दुसऱ्या खाडीचं वेळापत्रक आपल्याला लागू पडेलच असं नाही.

पिकलेलं फळ हाताला मऊ लागतं, आंबूस वास येतो आणि खालची चांदणी जरा पिरगळली की सुटते. सुटत नसेल तर कच्चं आहे, राहू द्या. शक्यतो गळलेलीच फळं घ्या आणि निदान आठ-दहा वेगवेगळ्या झाडांखालची घ्या. पाचशे रोपांसाठी वीस फळं पुरतात. बाकीची खाडीची.

बादलीत खाडीचं आणि गोडं पाणी निम्मं-निम्मं घेऊन फळं भिजत घाला. तीन-चार दिवसांत, कधी आठवड्याने, गर सुटतो. रोज पाणी बदला, नाहीतर बी कुजतं. मग फळं हाताने चोळा, जाड चाळणीतून धुऊन बिया वेगळ्या करा. उन्हात वाळवू नका. ओल्या गोणपाटात ठेवा आणि दोन दिवसांत पेरा. हे बी साठवून ठेवायचं नसतं.

वाफा

चिप्पीचं मोठं झाड पूर्ण खारं पाणी सोसतं, पण तिचं कोवळं रोप समुद्राच्या निम्म्या किंवा त्याहून कमी खारटपणात जोमाने वाढतं. म्हणून रोपवाटिका खाडीच्या तोंडापेक्षा थोडी आत, जिथे लाट येत नाही पण रोजची भरती वाफा भिजवून जाते अशा ठिकाणी करा. तशी जागा नसेल तर घरामागे ताडपत्रीचं उथळ तळं करून एक भाग खाडीचं आणि दोन भाग गोडं पाणी भरा. ऊन पाण्याचं बाष्प करतं आणि मीठ मागे उरतं, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये गोडं पाणी वरचेवर घालावं लागतं.

वाफा मीटरभर रुंद ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो. खाडीचा गाळ दोन भाग, बारीक वाळू एक भाग. बी वर पसरून नखाएवढ्या गाळाने झाका. खोल गेलं तर वर येत नाही, उघडं राहिलं तर पहिल्याच भरतीत वाहून जातं. म्हणून वर जुनं बारीक जाळं खुंट्यांनी ताणून बसवा आणि कोंब दिसले की काढून टाका. आठवडा-दोन आठवड्यांत कोंब येतात. चार ते सहा पानं झाली की गाळ-वाळू भरलेल्या पिशवीत एकेक रोप हलवा, मुळाशी गाळाचा गोळा ठेवून, संध्याकाळच्या वेळी. पहिला आठवडा झावळ्यांची सावली, मग पूर्ण ऊन.

लहान खेकडे कोवळी खोडं कातरतात. पिशव्या जमिनीपासून वीतभर उंच बांबूच्या मांडवावर ठेवल्या तर त्रास बराच कमी होतो. पानं खाणाऱ्या अळ्या हाताने वेचा. कीटकनाशक मारू नका. ते दुसऱ्या भरतीला कोलंबीच्या पिलांपर्यंत पोचतं.

रोप हात-दीड हात उंच आणि खोड बुडाशी तपकिरी झालं की लावायच्या आधी महिनाभर पाण्याचा खारटपणा हळूहळू वाढवत खाडीच्या तोंडाइतका न्या. ही सवय न लावता नेलेली रोपं पानं टाकतात.

लावणी

भर पावसाळ्यात पुढच्या कडेला लावू नका. लाटांना रोप पेलत नाही. गणपती विसर्जनानंतर समुद्र शांत होऊ लागतो आणि खाडीचं पाणी अजून फार खारं झालेलं नसतं. मला तो महिना सगळ्यात चांगला वाटतो.

उधाण ओसरून भांगाकडे जाणारे दिवस धरा, म्हणजे रोपाला पहिले काही दिवस पाण्याचा कमी मारा बसतो. खुंट्यांच्या पट्ट्यातच, दीड ते दोन मीटर अंतरावर, पिशवीच्या खोलीचा खड्डा करा. पिशवी फाडून पूर्ण काढा आणि खिशात टाका. प्लॅस्टिक खाडीत सोडून लावलेल्या झाडाचं मला तरी कौतुक वाटत नाही. रोप पूर्वीच्याच खोलीवर बसवा, भोवतालचा चिखल टाचेने घट्ट करा, पाण्याच्या बाजूला एक बांबूची काठी रोवून काथ्याने सैल बांधा. सरळ रांगा धरायची गरज नाही. होड्या लावायची वाट आणि पाण्याचे छोटे ओहोळ मोकळे सोडा.

पुढची दोन वर्षं

पहिले तीन महिने दर पंधरवड्याला, उधाण गेल्यावर, एक फेरी मारा. खोडाला गुंडाळलेली तुटकी जाळी, पिशव्या, शेवाळ काढा. बार्नेकल खोडावर चढले तर लाकडी चमच्याने हलकेच खरवडा, चाकू लावू नका. गावातली गुरं ओहोटीत कोवळा पाला खायला उतरत असतील तर गुराख्याशी बोला. कुंपण उधाणात टिकत नाही.

प्रत्येक रोपाला नंबर देऊन वहीत मांडा: जिवंत, मेलेलं, गेलेलं, आणि मेलं असेल तर कशाने. मेलेली रोपं एकाच बाजूला जास्त असतील तर तिथली उंची चुकली आहे. तिथे पुन्हा लावू नका.

तोड किंवा भराव दिसला तर

१७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडायला, त्यावर राडारोडा टाकायला मनाई केली आणि भोवतालचा ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. जमीन कोणाच्याही मालकीची असो, हे लागू आहे. त्याआधी ६ ऑक्टोबर २००५ च्या अंतरिम आदेशापासून हे संरक्षण सुरू झालं होतं. कुऱ्हाडीपेक्षा भराव आणि बांध जास्त घातक असतो, कारण पाणी अडवलं की झाडं उभ्या-उभ्या सुकतात आणि वर्षभराने कुणी म्हणतं, ‘इथे झाडं होतीच कुठे?’ म्हणून बांध दिसला की त्याच दिवशी ठिकाण आणि तारीख उमटेल असे फोटो काढा. भरतीच्या वेळचा एक आणि ओहोटीचा एक, दोन्ही काढा. भरतीचं पाणी पूर्वी तिथवर येत होतं हे दाखवणारा जुना फोटो असेल तर सोन्याहून मोलाचा. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि तहसीलदार कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. त्यासाठी आजच, काही घडायच्या आधी, आपल्या खाडीच्या काठावरून मोठ्या उधाणाच्या भरतीत चार फोटो काढून ठेवा.

माझ्या वहीतल्या पहिल्या पट्ट्यातली एकेचाळीस झाडं आज उभी आहेत. गेल्या माघात त्यातल्या एकाच्या भोवती चिखलातून अंगठ्याएवढं पहिलं श्वसनमूळ वर आलेलं दिसलं. त्या दिवशी त्याच्या नंबरापुढे मी ‘रुजलं’ असं लिहिलं आणि त्याला बांधलेली काठी काढून घेतली.